मोजमाप कोणाच्या देहाचे?

अणुउद्योगातील स्त्री-कामगाराच्या आरोग्याची चर्चा बहुधा गरोदरपणाच्या नऊ महिन्यांपाशी येऊन थांबते. गर्भाच्या रक्षणाचे नियम आहेत आणि ते हवेतच. परंतु काम सुटल्यावर वीस-पंचवीस वर्षांनी त्या स्त्रीच्या स्वतःच्या शरीरात जे उद्भवेल त्याची जबाबदारी कोणाची?

हा प्रश्न अणुभट्टीहून जुना आहे. अमेरिकेत न्यू जर्सी येथे १९१७ पासून घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमचा रंग भरण्यासाठी तरुण मुली नेमल्या गेल्या. कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरायचा, ही कारखान्याचीच शिकवण. रेडियम शरीरात कॅल्शियमसारखे वागते आणि हाडांत ठाण मांडते. ग्रेस फ्रायर हिने १९२० मध्ये काम सोडले. दात पडू लागले १९२२ मध्ये, पुढे जबडा गेला, कणा खचला. १९२७ मध्ये ती चार सहकारिणींसह न्यायालयात गेली, तेव्हा मालकांनी सांगितले की दाव्याची दोन वर्षांची मुदत टळली आहे! रोगाचा संथपणा मालकांच्या पथ्यावर पडला. १९२८ मध्ये प्रत्येकी १० हजार डॉलर व सालीना ६०० डॉलर यांवर तडजोड झाली.

शरीरातील रेडियमची ०.१ मायक्रोग्रॅम ही मर्यादा १९४१ मध्ये ठरली, ती या रंगारी स्त्रियांच्या तपासणीवरून. अणुबाँब तयार करणाऱ्यांनीही प्लुटोनियमपासून बचावासाठी तोच अनुभव वापरला. आणि १९७५ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सार-संरक्षण आयोगाने ज्या ‘प्रमाण पुरुषा’ची मापे प्रसिद्ध केली तो होता ७० किलो वजनाचा, विशी-तिशीतला गोरा पाश्चात्त्य! पुढे स्त्रीदेहाचीही मापे आली, पण कामगारांसाठी वार्षिक मर्यादा दोघांना आजही एकच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २००६ मध्ये मांडलेला हिशेब असा: ०.१ ग्रे इतकी मात्रा एक लाख जणांना मिळाली, तर रक्ताखेरीज अन्य अवयवांचा कर्करोग सुमारे ८०० पुरुषांना होईल, स्त्रियांना १३००. फ्रान्स, ब्रिटन व अमेरिकेतील तीन लाखांवर अणुकामगारांच्या मोठ्या अभ्यासात मात्र ८७ टक्के पुरुषच होते.

स्त्रियांना या कामातून काढावे, हा मालकवर्गाचा आवडता उपाय; तो कामगार चळवळीने मान्य करण्याचे कारण नाही. ज्या देहाला अधिक धोका, त्याच्या मापाने मर्यादा ठरावी आणि ती सर्वांना लागू व्हावी. तारापुरात १९६९ पासून अणुवीज निर्माण होत आहे. तेथील व अन्य केंद्रांतील प्रत्येक स्त्रीची, मग ती कायम असो वा कंत्राटी, मात्रेची नोंद तिच्या हाती हवी. निवृत्तीनंतरची तपासणी आजन्म, उद्योगाच्या खर्चाने हवी. आणि आजार कामामुळे झालेला नाही हे सिद्ध करण्याचा भार व्यवस्थापनावर हवा.