वाणाची पारख होते, पडद्याची का नाही?

राहुरीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे. १९६८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाची एक शिस्त या भागातील शेतकऱ्यांच्या पूर्ण परिचयाची आहे. उसाचे नवे वाण कितीही डौलदार दिसो, जुन्या वाणाच्या शेजारी लावून, अनेक हंगामांत आणि अनेक ठिकाणी त्याचे उत्पादन व साखर उतारा मोजल्याखेरीज त्याची शिफारस होत नाही. याच विद्यापीठाच्या पाडेगाव केंद्राचा ‘फुले २६५’ अशाच चाळणीतून शेतकऱ्याच्या बांधावर पोहोचला. प्राथमिक शाळेत मात्र वेगळाच न्याय आहे. तेथे भिंतीवर मोठा पडदा चढतो, टॅबचे वाटप होते, फीत कापली जाते, छायाचित्रे छापून येतात. पहिली-दुसरीचे मूल त्यामुळे अधिक लवकर वाचू लागले काय, हे कोणी मोजत नाही. उसाच्या टिपरीला जी परीक्षा द्यावी लागते, ती मुलाच्या हाती सोपवल्या जाणाऱ्या साधनाला माफ कशी?

या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाचीच कड घेतली होती. म्हणून हा प्रश्न राहुरीत विचारला जाणे अधिकच उचित ठरते.

गेल्या दशकात ‘डिजिटल शाळा’ ही महाराष्ट्रात चळवळ झाली. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयाने प्रत्येक मूल शिकले पाहिजे असा आग्रह धरला आणि गावोगावच्या लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, संगणक, स्मार्ट टीव्ही शाळेत आले. ज्या कुटुंबांनी पोटाला चिमटा काढून पैसे दिले, त्यांच्या भावनेला नमस्कारच केला पाहिजे. दोष त्यांचा नाही. दोष आहे तो साधन येणे म्हणजेच शिक्षण येणे असे समजणाऱ्या वृत्तीचा. वीजबिल थकले की जोडणी तुटते, यंत्राची हमी संपली की दुरुस्तीला वाली उरत नाही, आणि ज्या शिक्षकाने हौसेने सारे उभे केले त्याची बदली झाली की पडद्यावर कापडी आच्छादन चढते. पाहुणे आले की ते निघते!

पण समजा, वीज आहे, यंत्र चालू आहे, शिक्षकही उत्साही आहे. तरी मूल वाचायला शिकते का? पडद्यावरील गोड आवाज ‘क कमळाचा’ म्हणतो आणि वर्ग त्याच चालीत मागे म्हणतो. मुलाला येते ती चाल. अक्षर येतेच असे नाही. क्रम मोडून एखादे अक्षर समोर धरले की मूल मनातल्या मनात ‘क’पासून गात सुटते. वाचन घडते ते मुलाच्या तोंडून आणि हातून. ‘सूर्य’मधला रफार आणि ‘सुऱ्या’मधला ऱ यांतला भेद मूल पाहून नव्हे, उच्चारून, चुकून, खोडून आणि पुन्हा लिहून शिकते. पडदा अखंड बोलतो, मूल गप्प बसते. अशा गप्प बसलेल्या वर्गाला ‘आनंददायी शिक्षण’ म्हणायचे असेल तर प्रश्नच मिटला.

शिवाय पडदा जी मराठी बोलतो आणि दाखवतो, ती कोणती? शासनाने २००९ साली आणि पुन्हा २०२२ साली मराठी वर्णमालेसंबंधी निर्णय काढून पाकळीयुक्त ‘ल’ आणि शेंडीयुक्त ‘श’ ही मराठीची वळणे निश्चित केली. मोबाइलवर मात्र बहुधा हिंदीच्या वळणाची अक्षरे झळकतात. सहा वर्षांच्या मुलाला एक ‘ल’ पुस्तकात आणि दुसराच ‘ल’ पडद्यावर भेटतो. ज्याला अजून एकही ‘ल’ नीट गिरवता येत नाही, त्याच्यापुढे हा घोळ का घालायचा? ‘चमचा’तला च आणि ‘चार’मधला च, ‘जग’ आणि ‘जहाज’ यांतील ज, हे भेद मराठी कानाला उपजत कळतात. हिंदीवरून घाईने मराठीत उतरवलेल्या चित्रफितीला ते कळत नाहीत, आणि ‘ळ’ची तर तेथे फारच परवड होते. गूगलचे ‘बोलो’ हे वाचनाचे ॲप २०१९ साली भारतात आले ते हिंदी व इंग्रजी घेऊन. मराठीचा नंबर नंतर लागला. कंपनीने काय आधी करावे हा तिचा प्रश्न. पण आपल्या मुलांच्या पहिल्या अक्षरांचा क्रम आणि वळण परक्या बाजारपेठेच्या सोयीने ठरणार असेल, तर स्वभाषेच्या अभिमानाची भाषणे कोणासाठी करायची?

याबाबतचा अनुभव जगाने घेऊन झाला आहे. प्रत्येक मुलाला लॅपटॉप देण्याच्या अमेरिकेतून निघालेल्या मोहिमेचा भारतातील पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यातील खैराट येथे झाला होता. तीच मोहीम पेरू देशाने मोठ्या प्रमाणावर राबवली. तेथील ३१९ ग्रामीण शाळांची तपासणी झाली आणि २०१२ साली निष्कर्ष आला की भाषा व गणित यांत मुलांची प्रगती झाल्याचे दिसत नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. दिल्लीत संगणकाधारित सरावाचा जो अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला, त्यात साडेचार महिन्यांत गणिताबरोबर हिंदीतही मुले पुढे गेली. मात्र ती सहावी ते नववीची मुले होती, कार्यक्रम प्रत्येकाच्या पातळीनुसार प्रश्न देत होता, आणि संगणकाइतकाच वेळ लहान गटात माणूस शिकवत होता. त्यातून पहिलीच्या वर्गात टॅब वाटण्याचा आधार काढणे म्हणजे उसाची खतमात्रा भुईमुगाला देण्यासारखे आहे.

कोरोनाच्या काळात तर पर्यायच नव्हता. मार्च २०२० मध्ये बंद झालेले ग्रामीण भागातील पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ रोजी उघडले. मधल्या काळात दूरदर्शनवर ‘टिलीमिली’सारखी चांगली मालिका झाली, शिक्षकांनी व्हॉट्सॲपवर अभ्यास पाठवला. त्या धडपडीची थट्टा करणे कृतघ्नपणाचे होईल. तरीही ‘असर’च्या देशव्यापी पाहणीत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीची मुले २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होती, ती २०२२ मध्ये साडेवीस टक्क्यांवर आली. शाळा उघडल्या, २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ने वाचनावर भर दिला, आणि २०२४ मध्ये आकडा पुन्हा २७ च्या आसपास पोहोचला. म्हणजे एवढी यंत्रे येऊनही जेथे होतो तेथेच!

‘मग पाटी-पेन्सिलच बरी होती’ असे म्हणून हात झटकणारेही आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांनी ऊसतोडीच्या हंगामात राहुरी-श्रीरामपूर पट्ट्यातील एखाद्या कोप्यांच्या तळावर जाऊन यावे. दिवाळीनंतर बीड, पाथर्डीकडून आलेल्या कुटुंबांच्या सामानात भांडी असतात, पांघरुणे असतात, पुस्तक क्वचितच असते. मोबाइल मात्र असतो. बालभारतीची पाठ्यपुस्तके त्यावर विनामूल्य उतरवता येतात. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर २०१५ पासून मुलांच्या गोष्टी खुल्या आहेत, त्यांत मराठीही आहेत. ज्या घरात पुस्तक नाही त्या घरात हे साधन पुस्तक होऊन जाऊ शकते. अट एकच, की मुलाने ते मोठ्याने वाचावे आणि दमून आलेल्या आईबापांपैकी, नाहीतर वस्तीवर जाणाऱ्या कार्यकर्त्यांपैकी, कोणीतरी ते ऐकावे.

ही रीत राहुरीला नवी नाही. तालुक्यातील ताहाराबादचे संतकवी महिपती (१७१५–१७९०) यांनी ‘भक्तविजय’ रचला, तो एकेकट्याने डोळे फिरवण्यासाठी नव्हे. पोथी एक वाचतो, दहाजण ऐकतात, अडखळला की कोणी म्हातारी पुढचा शब्द सांगते. कानाला लावलेल्या यंत्रात ही म्हातारी कोठे आहे?

माढा तालुक्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक पुरस्कार मिळाला आणि सर्वांनी क्यूआर कोड तेवढा लक्षात ठेवला. त्यांनी मुलांच्या घरची कन्नड शिकून घेतली आणि पुस्तके नव्याने मांडली, हे किती शाळांनी उचलले? कोड छापायला छापखाना पुरतो.

आणि मध्यमवर्गीय घरांविषयी काय बोलावे! जेवताना तीन वर्षांच्या बाळापुढे इंग्रजी बडबडगीतांचा मोबाइल ठेवणारे आईवडीलच शाळेच्या सभेत ‘डिजिटल वर्ग आहे का?’ असे विचारतात. स्वीडनसारख्या संपन्न देशाने २०२३ मध्ये लहान मुलांच्या हाती पुन्हा छापील पुस्तके देण्याचे धोरण स्वीकारले, हे त्यांच्या कानावर गेलेले नसावे.

पुढची खरेदी होण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समित्यांनी आणि जिल्हा परिषदेने एवढे तरी करावे. तालुक्यातील सारख्या परिस्थितीच्या काही शाळांना टॅब द्यावेत आणि तितक्याच शाळांना तेवढ्याच रकमेची मराठी गोष्टींची पुस्तके द्यावीत. जूनमध्ये आणि मार्चमध्ये, बाहेरच्या माणसाकडून, प्रत्येक मुलाला एकेकटे बसवून वाचायला लावावे आणि निकाल गावाच्या फलकावर लिहावा. त्यासाठी मुंबई-पुण्याहून तज्ज्ञ आणण्याचे कारण नाही. शेजारी शेजारी तुल्य वाफे पाडून पीक कसे मोजायचे, हे सांगणारे विद्यापीठ राहुरीतच आहे.