शिकाऊ हात कोणावर बसवायचे?

अपघाती जखमांवरील उपचार शिकविण्यासाठी बकरे-डुकरे वापरू नयेत, असे म्हटले की आपलेच काही साथी विचारतात : मग शिकाऊ डॉक्टरांचे हात सरकारी रुग्णालयातल्या गरिबावर बसवायचे काय? प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्यात तिसरा पर्याय गाळलेला आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने २००१ सालीच या प्रशिक्षणासाठी कृत्रिम मानवी धडाला मान्यता दिली. छातीत नळी घालण्याचा सराव त्यावर हवा तितक्या वेळा करता येतो, आणि तोही माणसाच्या शरीररचनेवर. बकऱ्याच्या फासळ्या म्हणजे काही माणसाच्या फासळ्या नव्हेत!

केवळ हस्तकौशल्य मिळविण्यासाठी प्राण्यांवर प्रयोग शक्यतो होऊ नयेत, असे आपला १९६० चा प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदाही सांगतो. सारी पळवाट त्या ‘शक्यतो’मध्ये आहे. धड महाग, बकरा स्वस्त, हा त्यावरचा ठरलेला युक्तिवाद. बकरा स्वस्त ठरतो, कारण त्याच्या वेदनेची नोंद कोणत्याच जमाखर्चात होत नाही. गरीब रुग्णाच्या वेदनेचीही होत नाही. म्हणूनच भांडवली हिशेबाला या दोघांतच निवड करावीशी वाटते.

प्रत्येक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला अशी धडे पुरविण्यासाठी स्वतंत्र तरतूद किती, हा प्रश्न आपण अर्थसंकल्पी अधिवेशनात विचारावयास लावला पाहिजे.