आधी गच्ची, मग खोली

मुलाचे लग्न ठरायच्या आधी घरात खोलीची चर्चा सुरू होते. ‘वर एक खोली चढवून टाकू’ हे वाक्य पुण्या-नाशिकच्या रो हाउसांच्या ओळींत गेली कित्येक वर्षे ऐकू येते आहे. पुढे तुळशीपुरते अंगण, मागे धुण्याभांड्याची जागा, दोन्ही अंगांना शेजाऱ्याशी सामाईक भिंत, अशी ही तीस-चाळीस वर्षांपूर्वीची घरे. आता ती म्हातारी होत आहेत आणि त्यांत राहणारेही. खोली चढते, एसी बसतो आणि मे महिन्याचे बिल आले की बापलेकांत धुसफूस सुरू होते. अशा घरावर पैसा खर्च करू नका, असे मी म्हणणार नाही. क्रम मात्र उलटा नको.

ओळीतल्या घराला निसर्गतःच एक सवलत असते. दोन बाजूच्या भिंतींना ऊन लागतच नाही. उष्णता आत येते ती मुख्यतः गच्चीतून, आणि पुढच्या-मागच्या खिडक्यांतून. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खाली सोडतो. म्हणून तर रात्री दहा वाजताही वरच्या मजल्यावरचा पंखा गरम वारा फेकतो. उपाय जुनेच आहेत. वीट-तुकड्यांचा कोबा नीट करून वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी लावायची. तेवढी ऐपत नसेल तर उन्हाळ्याआधी चुन्याचा दाट हात द्यायचा. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो, एवढे साधे शास्त्र आहे.

खिडकीचेही तसेच. आतला पडदा ऊन घरात आल्यावर अडवतो, छज्जा ते बाहेरच थोपवतो. पश्चिमेचे ऊन मात्र तिरपे येते, ते छज्ज्याला जुमानत नाही. तिथे चिकाचा पडदा किंवा एखादा वेल हवा. आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. वाळ्याच्या पडद्यांवर पाणी मारताना त्यांना कुणी इंजिनिअर लागला नाही.

बँकेत असताना घरदुरुस्तीच्या कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावरून जात. अंदाजपत्रकात संगमरवर असे, ग्रिल असे, नवा ओटा असे. गच्चीपुढे आकडा पडे तो गळतीचा. उकाड्याचा खर्च कुणी मांडल्याचे मला आठवत नाही, आणि आमच्या छापील फॉर्मातही त्याला रकाना नव्हता. पण हिशेब सोपा आहे. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर महिन्याला दोन-अडीचशे युनिटे सहज जातात. विजेचा दर पायऱ्यांनी चढतो. शंभर, तीनशे, पाचशे युनिटांच्या पायऱ्या ओलांडल्या की प्रत्येक युनिट महाग पडते. कर्जाचा हप्ता कधीतरी संपतो, तापलेल्या गच्चीचा हप्ता संपत नाही. उलट, ७५ वॉटचे जुने पंखे काढून ३० वॉटच्या आसपासचे नवे लावले, तर दिवसाला बारा तास चालणारे चार पंखेच महिन्याला साठेक युनिटे वाचवतात.

खरी गफलत वाढीव बांधकामात होते. मागची मोकळी जागा छप्पर टाकून बंद केली की स्वयंपाकघर मोठे होते, पण पुढून आलेला वारा मागून बाहेर जायचा रस्ता बुजतो. शिवाय सरकत्या काचेच्या खिडक्या! त्या एका वेळी निम्म्याच उघडतात. खोली वाढली आणि घर गुदमरले, असा हा व्यवहार. मागे चौकाएवढी नाही तरी हातभर मोकळी जागा आणि जिन्यावर वारा जाईल अशी झडप ठेवलीच पाहिजे. वर मजला चढवायचा तर जुन्या भिंती आणि पाया ते ओझे पेलतील का, हे आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या, महापालिकेची परवानगी घ्या. आणि सामाईक भिंतीपलीकडच्या काकूंनाही विचारा. आपल्या जोडाच्या फटीतून पाणी त्यांच्याच भिंतीत उतरते.

सरकारने २०१८ साली निवासी इमारतींसाठी ‘इको निवास संहिता’ काढली. छतातून किती उष्णता आत यावी, उघडणाऱ्या खिडक्या किती असाव्यात, हे तिच्यात सांगितले आहे. पण ती पाचशे चौरस मीटर व त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींसाठी. आपली जुनी ओळ तिच्या नजरेबाहेर राहिली. २०२४ च्या ‘सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८ हजारांचे अनुदान ठेवले गेले; गच्ची थंड करायला मात्र त्या योजनेत काही नाही. सौर पाट्यांची सावली गच्चीवर पडते हा एक फायदा, पण घर आधी थंड केले तर संचही लहान पुरतो.

‘आता एसीशिवाय भागत नाही’ असे तरुण मंडळी म्हणतात. कबूल. पण गच्ची पांढरी असेल, वारा खेळता असेल, तर लहान एसी पुरतो आणि तोही कमी तास.

एक गोष्ट मात्र विसरू नये. खोली चढली की खालची नवी जोडप्याला मिळते आणि पुष्कळ घरांत वरची आजी-आजोबांच्या वाट्याला येते. बिल वाढेल म्हणून एसी न लावणारी पिढी ती हीच. त्यांना स्लॅबखाली निजवायचे असेल, तर कर्जातले पहिले पैसे त्या स्लॅबवर खर्च व्हायला हवेत.