दोन सयाजीराव

सप्टेंबर १९४७. देश स्वतंत्र होऊन जेमतेम महिना झालेला. इंग्लंडात डॉनकास्टरच्या मैदानावर सेंट लेजर ही घोड्यांची शर्यत होती. इंग्लंडातल्या पाच सर्वांत मानाच्या शर्यतींपैकी ही एक, आणि पाचांतली सर्वांत जुनी, १७७६ पासून चालत आलेली. अंतर जवळजवळ तीन किलोमीटर. त्या दिवशी एका डोक्याच्या फरकाने जो घोडा जिंकला त्याचं नाव होतं 'सयाजीराव'!

दचकलात ना? घोड्यांची रेस म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी आठवतात. एक महालक्ष्मीचं रेसकोर्स आणि दुसरा जुन्या हिंदी सिनेमातला रेसमध्ये घर बुडवणारा बाप. त्यात हे नाव कुठून आलं? तर ते आलं थेट आपल्या नाशिक जिल्ह्यातून. मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळराव नावाचा मुलगा जन्मला. तोच पुढे बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) झाला. त्यांच्यानंतर गादीवर आलेले त्यांचे नातू प्रतापसिंहराव हे घोड्यांचे जबरदस्त शौकीन. त्यांनी आपल्या घोड्याला आजोबांचं नाव दिलं आणि ते नाव विलायतेत गाजलं.

आता मित्रांनो, मला या दोन सयाजीरावांबद्दल, म्हणजे एक माणूस आणि एक घोडा यांच्याबद्दल थोडं बोलायचं आहे. कारण आपल्या कॉलेजात, हॉस्टेलवर आणि डिपार्टमेंटमध्ये जे रोज चालतं त्याचा या दोघांशी फार जवळचा संबंध आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी घोडा. सयाजीराव १९४४ सालचा. त्याचा सख्खा मोठा भाऊ दान्ते याने १९४५ ची इंग्लिश डर्बी जिंकली. मग काय! त्याच वर्षी हे एक वर्षाचं शिंगरू लिलावात आलं तेव्हा बोली चढत चढत २८,००० गिनींवर गेली. त्या वेळेपर्यंत ब्रिटनमध्ये एवढ्या वयाच्या घोड्याला एवढी किंमत कधीच आली नव्हती. एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग. तेव्हाच्या दराने हिशोब केला तर सुमारे ३ लाख ९२ हजार रुपये होतात, आणि तेही १९४५ चे! एकही शर्यत न धावलेल्या, पाठीवर खोगीरही न चढलेल्या शिंगराला. पैसे कशाचे दिले? फक्त वंशावळीचे.

वसूल झाले का? बऱ्यापैकी झाले. इंग्लिश डर्बीत तो तिसरा आला, पण १९४७ मध्येच आयरिश डर्बी आणि सेंट लेजर अशा दोन मोठ्या शर्यती त्याने मारल्या. पुढच्याच वर्षी महाराजांच्या 'माय बाबू' या घोड्याने टू थाउजंड गिनीज जिंकली. न्यूमार्केटमधला 'वॉरन प्लेस' हा तबेलाही त्यांनी विकत घेतला होता. तो पुढे इतरांकडे गेला. त्याच तबेल्यात नंतर हेन्री सेसिल या ट्रेनरने 'फ्रँकेल' तयार केला. २०१० ते २०१२ या काळात १४ शर्यती आणि १४ विजय, एकदाही हार नाही, असा हा घोडा. म्हणजे जगातल्या एका सर्वोत्तम घोड्याने ज्या तबेल्यात चंदी खाल्ली, तो एके काळी आपल्या गायकवाडांचा होता!

या खेळाचं सगळं गणित वंशावळीवर उभं आहे. 'जनरल स्टड बुक' हे घोड्यांच्या घराण्यांचं दफ्तर १७९१ पासून ठेवलं जातंय. आजच्या प्रत्येक थरोब्रेड घोड्याचं मूळ बापाकडून तीनच घोड्यांपर्यंत जातं. आपल्याकडे लग्नं जुळवताना जी चौकशी होते ती याच्यापुढे काहीच नाही.

घोड्यांच्या बाबतीत वंशावळीला अर्थ आहे, हे मान्यच करायला हवं. तीनशे वर्षं फक्त वेगासाठी निवडून निवडून पैदास केलेली जात आहे ती. फ्रँकेलच्या सख्ख्या भावानेही मोठी शर्यत जिंकलेली आहे. पण गंमत अशी की एवढं सगळं असूनसुद्धा वंशावळ दगा देते. १९८३ मध्ये अमेरिकेत 'स्नाफी डान्सर' नावाचं शिंगरू १ कोटी २ लाख डॉलरला विकलं गेलं. बाप म्हणजे साक्षात नॉर्दर्न डान्सर, ज्याच्या वंशाने नंतर युरोपातली मैदानं व्यापली. आणि हा पठ्ठ्या? आयुष्यात एकही शर्यत धावला नाही! उलट २०११ मध्ये फ्रान्समधल्या लिलावात 'ट्रेव्ह' नावाच्या शिंगरीला कुणी धड किंमत देईना, तेव्हा तिच्या मालकांनी २२,००० युरोवर तिला परत घरी नेलं. त्याच ट्रेव्हने २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ दोन वर्षं पॅरिसची 'आर्क द त्रिऑम्फ' जिंकली. ही युरोपातली सर्वांत मोठी शर्यत समजली जाते.

मुद्दा असा की घोडेवाले लोक वंशावळीवर कोट्यवधी उधळतात, पण कप मात्र वंशावळ बघून देत नाहीत. स्टार्टिंग गेट सगळ्यांसाठी एकाच वेळी उघडतं, आणि पहिला कोण आला ते शेवटच्या खांबापाशी ठरतं.

आता माणूस. १८७५ मध्ये बडोद्याच्या गादीला वारस हवा होता. कवळाण्याहून मुलं नेली, त्यांतल्या गोपाळरावांना महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं. वय बारा. शेतकऱ्याच्या घरातला मुलगा, शिक्षण म्हणावं असं झालेलं नव्हतं. इथे कुणी म्हणेल, अहो पण ते गायकवाड घराण्यातलेच होते, म्हणजे शेवटी वंशावळच की! बरोबर आहे. वंशावळीने त्यांना बडोद्याच्या राजवाड्यापर्यंत आणलं. पण सोबत आलेल्या भावांची वंशावळही तीच होती. पुढचं काम केलं ते शिकवणीने. दिवाण सर टी. माधवराव आणि इलियट साहेब यांच्या हाताखाली सहा वर्षं रोज अभ्यास झाला. १८८१ मध्ये कारभार हाती आला तेव्हा कवळाण्याचा हा मुलगा राज्य चालवायला तयार होता.

आपण कशामुळे घडलो हे महाराज विसरले नाहीत. १८९० मध्ये त्यांनी बडोद्यात कलाभवन काढलं, म्हणजे आजच्या भाषेत टेक्निकल कॉलेज. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके तिथेच शिकले. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सुरू केला आणि १९०६ मध्ये संपूर्ण राज्याला लागू केला. आणि १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला त्यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला स्कॉलरशिप दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं.

जरा आकडेमोड करू, आपण इंजिनिअर आहोत शेवटी. तीन वर्षांचे झाले ४१४ पौंड. घोड्याची किंमत २९,४०० पौंड. म्हणजे एका घोड्याच्या किमतीत अशा ७१ स्कॉलरशिप! मधल्या बत्तीस वर्षांतली महागाई धरून हा आकडा तिसऱ्या हिश्शावर आणा, तरी वीस-बावीस विद्यार्थी परदेशी जाऊन शिकले असते.

नातवाला नावं ठेवायचा माझा हेतू नाही. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ १९४९ मध्ये प्रतापसिंहरावांच्याच काळात उभं राहिलं. पण उधळपट्टी, तिजोरीतून काढलेले पैसे आणि विलीनीकरणावरून सरकारशी झालेले वाद यांतून १९५१ मध्ये भारत सरकारने त्यांची मान्यता काढून घेतली, हाही इतिहास आहे. रक्त तर आजोबांचंच होतं ना?

मला महत्त्वाचा वाटतो तो दोघांच्या पैसे लावण्याच्या पद्धतीतला फरक. नातवाने पैसे लावले ते खात्रीच्या वंशावळीवर. आजोबांनी लावले ते अशा मुलावर, ज्याला त्या काळच्या समाजाने आपल्या 'स्टड बुक'मध्ये सर्वांत खाली ढकललं होतं. घोड्याने दोन मोठ्या शर्यती जिंकल्या. त्या विद्यार्थ्याने देशाच्या राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद सांभाळलं. कुणाचा पैसा जास्त वसूल झाला, तुम्हीच ठरवा.

आता वळूया हॉस्टेलकडे. नवीन मुलगा बॅग घेऊन रूमवर आला की पहिले चार प्रश्न कोणते? कुठल्या शाळेचा, मराठी मीडियम की इंग्लिश, सीईटीचा स्कोअर किती, आणि बारावीवरून आलास की डिप्लोमावरून? झालं, स्टड बुकात नोंद झाली! पुढची तीन-चार वर्षं तो 'डिप्लोमावाला' किंवा 'मराठी मीडियम'. कॉलेजची बाहाची टीम निवडताना, प्रोजेक्टचे ग्रुप करताना, टेक्निकल फेस्टिव्हलची कमिटी ठरवताना ही नोंद उघडली जाते. वर्कशॉपमध्ये लेथवर त्याचा हात कसा चालतो हे बघायला कुणाला वेळ नसतो.

प्लेसमेंटला तर कळसच! कित्येक कंपन्या दहावीपासून सगळीकडे साठ टक्के मागतात. बीईला डिस्टिंक्शन असलेला मुलगा दहावीला ५८ टक्के पडले म्हणून ॲप्टिट्यूडच्या हॉलबाहेर उभा राहतो. पंधराव्या वर्षी तालुक्याच्या शाळेत मिळालेले मार्क बाविसाव्या वर्षी गेट बंद करतात. इथे मुलाला हरवलेलं नाही, धावूच दिलेलं नाही.

दुसरी तक्रार नेहमी ऐकू येते ती सवलतींची. 'यांना डायरेक्ट सेकंड इयरला घेतात', 'यांच्यासाठी एक्स्ट्रा लेक्चर कशाला', वगैरे. या मंडळींनी एकदा आर्कचे नियम बघावेत. तीन वर्षांच्या घोड्याच्या पाठीवर ५६.५ किलो वजन, त्याहून मोठ्या घोड्यावर ५९.५ किलो, आणि मादी असेल तर दोन्हीकडे दीड किलो कमी. कारण कोवळ्या घोड्याची वाढ पूर्ण झालेली नसते. एकोणिसाव्या शतकात ॲडमिरल राउस यांनी या वजनांचं कोष्टक बसवलं. ट्रेव्हने २०१३ मध्ये तीन वर्षांची मादी म्हणून ही सूट घेतली आणि पाच लांबींनी जिंकली. तिला फुकटात कप मिळाला असं युरोपात कुणी म्हटलं नाही. कारण सूट वजनात असते, अंतरात नसते! २४०० मीटर सगळ्यांना सारखेच धावावे लागतात.

आपल्या डिप्लोमाच्या मित्राचं तसंच आहे. फर्स्ट इयरचं एम-वन, एम-टू त्याने केलेलं नसतं आणि समोर एकदम एम-थ्री येऊन पडतं. ते ओझं थोडं हलकं करायला संध्याकाळी एक तास गणिताचा घेतला तर तो अन्याय नव्हे. पेपर तोच, पासिंगही तेच. आणि ड्रॉइंग, मशीन, कारखाना यांचा त्याचा तीन वर्षांचा अनुभव आपल्यालाच उपयोगी पडतो, हे व्हायव्हाच्या आदल्या रात्री सगळ्यांना आठवतंच की!

कंपन्यांचे नियम आपल्या हातात नाहीत, हे मला मान्य आहे. पण आपले नियम आपल्या हातात आहेत. म्हणून सर, मॅडम आणि सर्व मित्रांना तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, कॉलेजच्या कुठल्याही टीमची निवड दहावी-बारावीच्या मार्कांवर न करता आठवडाभराची ट्रायल घेऊन करावी. दोन, डायरेक्ट सेकंड इयरवाल्यांसाठी पहिले दोन महिने गणिताचा जादा तास सुरू करावा. हॉस्टेलवरचे थर्ड इयरचे विद्यार्थीसुद्धा तो घेऊ शकतात. तीन, प्लेसमेंट सेलने कंपन्यांना निदान एवढं विचारावं की दहावीच्या अटीतून सूट देऊन आमच्या मुलांना पहिल्या टेस्टला बसू द्याल का? दहातल्या नऊ कंपन्या नाही म्हणतील, हरकत नाही. एक हो म्हणाली तरी चार-पाच मुलं गेटपर्यंत पोचतील.

आणि आपल्यासाठी चौथी गोष्ट. यंदा नवीन रूममेट आला की त्याला कुठून आलास हे जरूर विचारा. पण त्याच्या आधी, तुला काय काय करता येतं, हे विचारा. कवळाण्याहून आलेल्या एका बारा वर्षांच्या मुलाला बडोद्यात कुणीतरी शिकवलं म्हणून बडोदा घडलं. आपल्या हॉस्टेलवरही कळवण, सुरगाणा, येवल्याहून मुलं येतातच आहेत.