हा गाळ कुणाचा?

साठा म्हणजे काय, हे नाशिककराला शिकवावे लागत नाही. मृग लागला की गंगापूर धरणात पाणी किती चढले याचा आकडा आम्ही पंचांगातल्या तिथीसारखा रोज पाहतो. आणि तो पाहताना धरणातले सगळेच पाणी आपले नसते, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. तळाशी राहतो तो मृत साठा, वर उरतो तो उपयुक्त साठा, आणि नळाला येते ते या दुसऱ्यातले. गोदावरीवरच्या या मातीच्या धरणाची साठवण मुळात ७२०० दशलक्ष घनफूट सांगितली जाई. गाळ साचत गेला आणि आज हिशेब धरतात तो ५६३० चा. पाटबंधारे खात्यावर आम्हा नाशिककरांचा पुष्कळ राग आहे, आणि तो सकारण आहे. पण जे पाणी मावतच नाही ते मावते आहे असे ते खाते सांगत नाही, एवढे श्रेय त्याच्या पदरात टाकलेच पाहिजे.

हे सांगायचे कारण असे की मला भांडायचे आहे ते दुसऱ्याच धरणाच्या मालकांशी. घरोघरी टेबलावर जो संगणक आहे आणि खिशात जो मोबाईल आहे, त्याच्या पोटात साठा असतो. खोक्यावर ठसठशीत अक्षरात त्याचा आकडा छापलेला असतो. त्या आकड्यातला मृत किती आणि उपयुक्त किती, हे मात्र तिथे लिहिलेले नसते. पहिल्या दिवशी जे असते ते असते. पुढे दर महिन्या-दोन महिन्यांनी एक 'अपडेट' येते, आपले काम करते आणि जाताना गाळ ठेवून जाते. त्या गाळाला जागा करून द्यायची ती तुम्ही-आम्ही, आपल्या वस्तू फेकून!

या गाळाचे इंग्रजी नाव उच्चारात नेमके आपल्या 'कॅश'सारखे आहे. महात्मा गांधी रस्त्यावरच्या एका दुकानात कारागिराने "काका, तुमची कॅश फार भरलीय, रिकामी करावी लागेल," असे म्हणताच एक वृद्ध गृहस्थ खिशावर हात ठेवून दोन पावले मागे सरले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. आमच्या नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. पण कॅश फार झाली अशी तक्रार करणारा नाशिककर अद्याप मला भेटायचा आहे. शब्द मुळात फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ लपवून ठेवण्याची जागा. नाव ठेवणाऱ्याने प्रामाणिकपणे ठेवले म्हणायचे.

आता कोणी म्हणेल की हा गाळ नव्हेच, ती सोय आहे. अर्धे मला मान्य आहे. स्वयंपाकघरात मिसळणाचा डबा असतो. हळद, तिखट, मोहरी, हिंग यांचे मोठे डबे कोठीच्या खोलीत. पण फोडणी जळत असताना कोठीपर्यंत धावायचे कोणी? म्हणून चिमूट-चिमूट हाताशी काढून ठेवायची. यंत्रातली कॅश ही अशीच, एकदा आणलेली किंवा एकदा घडवलेली वस्तू पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवणे. त्याने काम झटपट होते. परंतु मिसळणाचा डबा घरातल्या बाईच्या ताब्यात असतो. तो कोठीएवढा झाला तर ती त्याला जागेवर आणते. आणि मसाला बदलला तर जुना टाकून देते.

अपडेटनंतर जे घडते ते याच्या नेमके उलट. उतरवून घेतलेली गाठोडी एका जागी, सोडवलेल्या गाठोड्यांतले जिन्नस दुसऱ्या जागी. काय काय केले याच्या नोंदींची बाडे तिसऱ्या जागी. आणि नवे बिघडले तर परत फिरता यावे म्हणून जुनी प्रणाली समूळ चौथ्या जागी. मोबाईलमध्ये प्रणाली बदलली की एकेक अॅप नव्याने घोटून तयार करावे लागते, त्या घोटलेल्या प्रती वेगळ्याच. वाड्याच्या दुरुस्तीला गवंडी बोलवावा, त्याने भिंत नीट बांधून द्यावी, आणि जाताना उरलेल्या विटा, चुन्याची घमेली, परांचीचे बांबू एवढेच नव्हे, तर पाडलेली जुनी भिंतसुद्धा तुमच्या माजघरात रचून जावे. वर दारातून वळून सांगावे, 'तुमच्याकडे जागा फार कमी हो, आजीची पेटी विकून टाका.' अशा गवंड्याला नाशिकात कोणी मजुरी देईल का?

माझे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर गेल्या दहा-बारा वर्षांचा इतिहास पाहावा. २०१५ साली विंडोज १० बाहेर पडले, तेव्हा ज्यांनी ते मागितलेही नव्हते अशा असंख्य लोकांच्या संगणकात एका लपवलेल्या कप्प्यात त्याची सामग्री उतरून बसली. तिने ६ जीबीपर्यंत जागा व्यापली. कंपनीचा खुलासा असा की पुढेमागे तुम्हाला ते हवेसे वाटले तर तयारी असावी! शेजाऱ्याने आपली गादी तुमच्या ओटीवर आणून टाकावी, पुढेमागे मुक्कामाला यावेसे वाटले तर असावी म्हणून, त्यातलाच हा प्रकार. २०१९ मध्ये तर संकोचही संपला. नव्या संगणकात सुमारे ७ जीबी जागा प्रणालीने स्वतःसाठी राखून ठेवायची, म्हणजे अपडेटच्या वेळी तात्पुरत्या फायली नि कॅश यांची अडचण होणार नाही, असा नियमच झाला. त्याच वर्षी किमान साठवणीची अट ३२ जीबीवर गेली. २०२१ च्या विंडोज ११ ने ती ६४ वर नेली. आणि २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर, १४ ऑक्टोबरला, विंडोज १० ची नियमित देखभाल थांबली. वसुबारसेला तीन दिवस राहिले असताना!

सगळ्यांत मासलेवाईक प्रकरण २०२४ चे. त्या वर्षीच्या मोठ्या अपडेटनंतर ८.६३ जीबी एवढा कचरा शिल्लक दिसे आणि कितीही झाडला तरी हटेना. लोक हैराण झाले. त्यावर उत्तर मिळाले की जागा खरोखर अडलेली नाही, झाडू मारल्यानंतरचा आकडा तेवढा चुकीचा दिसतो. असेल, मी ते खोटे म्हणत नाही. पण धरणाची मोजपट्टीच चुकली असे पाटबंधारे खात्याने भर उन्हाळ्यात जाहीर केले असते, तर त्याच्या दारावर हंडामोर्चा गेला असता.

मोजपट्टीवरून आणखी एक. १२८ जीबी म्हणून घेतलेला साठा संगणक उघडल्यावर ११९ च भरतो. विकणारा जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो, आणि विंडोज धरते १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४. दोघेही आपापल्या परीने बरोबर! आमच्या लहानपणी आजोबा कच्चा शेर आणि पक्का शेर यांच्या गोष्टी सांगत. गावागणिक शेर वेगळा. तो घोळ मिटवायला १९५६ साली कायदा करावा लागला, १९५८ पासून किलोग्रॅम आला. इथे कच्चा-पक्का शेर अजून सुखाने नांदतो आहे.

पण आकड्यांचे हे भांडण दुय्यम आहे. खरे दुखणे निराळेच. साठा भरत आला की पडद्यावर सूचना येते: जागा संपत आली, काही काढून टाका. त्या सूचनेखाली उतरंड लावलेली असते. छायाचित्रे, चित्रफिती, ध्वनिमुद्रणे, कागदपत्रे. प्रत्येकीवर बोट ठेवले की 'काढून टाका' हे बटण हजर. तळाशी एक ओळ असते, 'सिस्टिम', तिच्यापुढे आकडा असतो, बहुधा बराच मोठा, बटण नसते. तक्रार करावी तर ती दिसतच नाही, आणि दिसली तरी तिला हात लावता येत नाही. मग सामान्य माणूस काय करील? जे आपले आहे तेच काढील.

पंचवटीतल्या माझ्या परिचयाच्या एका बाईंनी असेच केले. सासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी मोबाईलवर मुद्रित करून ठेवल्या होत्या. सासूबाई चांदवडकडच्या, अक्षरओळख नाही, पण ओव्या शे-दोनशे पाठ. मोठे अपडेट आले, जागा संपली, सूचना सारख्या येऊ लागल्या, आणि यादीत सगळ्यांत अवजड दिसली ती ध्वनिमुद्रणे. 'पुन्हा मुद्रित करू' म्हणून बाईंनी ती काढली. पुन्हा मुद्रित करायला सासूबाई उरल्या नाहीत. त्या मोबाईलमध्ये त्या दिवशीही प्रणालीचा गाळ ओव्यांच्या कित्येक पट होता. बाई हे सांगताना स्वतःला दोष देत होत्या, याचाच मला अधिक संताप आला. दोष कोणाचा, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

अशा वेळी शहाणे लोक सांगतात की साठवण स्वस्त झाली आहे, मोठा फोन घ्या. स्वस्त कोणाला? २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने अंगणवाडी सेविकांना सुमारे एक लाख मोबाईल दिले. त्यांची स्मृती अवघी २ जीबी. (ही धावती स्मृती, साठवण नव्हे, हे मला ठाऊक आहे, पण दोन्हींची कुचंबणा एकाच हातून होते.) २०२१ मध्ये केंद्राचे पोषण ट्रॅकर हे अॅप आले. ते त्या फोनला पेलेना, फोन तापत, अडत, बंद पडत. त्यात भाषा इंग्रजी. मुलांची वजने-उंच्या भरल्या नाहीत तर जाब विचारायचा तो मात्र सेविकेला. अखेर त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभर सेविकांनी ते मोबाईल सरकारला परत करण्याचे आंदोलन केले. मला त्या बायांचे कौतुक वाटते. बाकी आपण सगळे सुशिक्षित लोक निमूटपणे मोठा फोन विकत घेतो. त्यांनी लहान फोन साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

निमूटपणाची दुसरी तऱ्हा म्हणजे 'सफाई करून देतो' म्हणणाऱ्यांच्या हाती घर सोपवणे. गाळ जिथे साचतो तिथे गाळ उपसणाऱ्यांचा बाजार भरतोच. २०१७ मध्ये सीक्लीनर या नावाजलेल्या झाडूतच चोरांनी शिरकाव केला आणि तो बाधित झाडू सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर जाऊन बसला. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ज्या ५९ अॅपांवर बंदी घातली, त्या यादीत क्लीन मास्टर, डीयू क्लीनर यांच्यासारखी तीन तरी अशी केर काढणारी होती. घरधन्याने स्वतःची केरसुणी दर्शनी ठेवली असती, तर लोकांना रस्त्यावरचा झाडूवाला घरात घ्यावा लागला नसता. केरसुणी आत कुठेतरी असते, नाही असे नाही. पण सेटिंगच्या सातव्या दाराआड, आणि 'कॅश पुसा'च्या शेजारीच 'डेटा पुसा' असे बटण ठेवून. पहिल्याने केर जातो, दुसऱ्याने घर. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी पुजतो ती उंबऱ्याआत मांडून, अडगळीत दडवून नव्हे.

गैरसमज नको म्हणून सांगतो: अपडेट घेऊच नका, असे मी म्हणत नाही. असे सांगणारे शेजारी मला भेटतात, आणि त्यांचा सल्ला घातक आहे. चोरवाटा बुजवायच्या तर दुरुस्ती हवीच. जुनी प्रणाली काही दिवस जपून ठेवणेही रास्त; विंडोज ती दहा दिवसांनी आपण होऊन काढते (२०१६ पूर्वी ही मुदत तीस दिवसांची होती), यालाही माझी हरकत नाही. गवंडी हवा, राडारोडा त्याने न्यावा, एवढेच मागणे आहे. आणि येण्यापूर्वी सांगावे: चार दिवस माजघर अडेल, नंतर अमुक इतकी जागा कायमची जाईल. तुमची एकही वस्तू काढायला सांगण्याआधी त्याने आपल्या वस्तू किती काढल्या, हेही त्याच पडद्यावर दिसावे, मराठीत दिसावे.

राहिला खोक्यावरचा आकडा. आमच्या नाशिकच्या चिवड्याच्या पुड्यावर निव्वळ वजन छापावे लागते. पुडक्याचे, कागदाचे, आतल्या हवेचे वजन चिवड्यात धरता येत नाही. २०११ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी ते बंधन घातले आहे, आणि ते मोडणाऱ्या दुकानदारावर वजनमापे खात्याचा निरीक्षक खटला भरू शकतो. पाव किलो चिवड्याला जो न्याय, तो वीस हजारांच्या फोनला का नाही? अमेरिकेत २०१४ च्या डिसेंबरात अशी तक्रार घेऊन लोक न्यायालयात गेलेसुद्धा: अॅपलच्या १६ जीबीच्या फोनांत नव्या प्रणालीनंतर जाहिरातीतल्या साठ्यापैकी २३ टक्क्यांपर्यंत भाग ग्राहकाच्या हाती लागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्याकडे ग्राहक पंचायती आहेत, २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा आहे, आणि शब्दही तयार आहे, 'उपयुक्त साठा'. खोक्यावर तो छापावा, आणि दोन वर्षांच्या अपडेटांनंतर किती उरेल तेही छापावे. छापायला जागा नाही ही सबब मी ऐकून घेणार नाही. कॅमेऱ्याचे आकडे छापायला तिथे तीन बाजू पुरत आल्या आहेत.