विश्लेषण : सिंहस्थातील गर्दीला मुंग्यांचे शहाणपण उपयोगी पडेल?

नाशिकमध्ये २७ ऑगस्ट २००३ रोजी सिंहस्थाच्या शाही स्नानावेळी चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचा मृत्यू झाला. प्रयागराजच्या महाकुंभात २९ जानेवारी २०२५ रोजी किमान ३० जण दगावले. तिथे कॅमेरे होते, ‘एआय’ होते, मध्यवर्ती नियंत्रण कक्षही होता. आता २०२७ चा सिंहस्थ समोर असताना प्रश्न कॅमेऱ्यांच्या संख्येचा नाही; निर्णय कुठे घेतला जातो, याचा आहे.

मुंग्यांची रांग कोण लावते?

कुणीच नाही. प्रत्येक मुंगी वाटेवर गंध सोडते आणि गंध जास्त असेल तिकडे वळते. जवळच्या वाटेवर फेऱ्या लवकर होतात, गंध साठतो आणि रांग तिकडे सरकते. इटलीचे मार्को डोरिगो यांनी १९९२ मध्ये आपल्या प्रबंधात हेच तत्त्व संगणकासाठी मांडले. अनेक साधे प्रोग्राम, प्रत्येकाला फक्त आजूबाजूची माहिती, तरीही एकत्रित उत्तर चांगले. यालाच स्वयंसंघटित यंत्रणा म्हणतात.

प्रत्यक्षात कुठे वापर?

अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये २०१२ पासून काही चौकांतील सिग्नल स्वतः निर्णय घेतात. समोरची वाहने पाहून दिवा बदलतात आणि ‘इतकी वाहने तुझ्याकडे येत आहेत’ असे शेजारच्या चौकाला कळवतात. सुरुवातीच्या प्रयोगात प्रवासाचा वेळ सुमारे २५ टक्क्यांनी घटला.

नाशिकचा अनुभव काय?

२०१५ च्या सिंहस्थापूर्वी मूळचे नाशिकचे, ‘एमआयटी’चे प्राध्यापक रमेश रासकर यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ झाले. त्यातून पावले मोजणारी ‘अशिओतो’ ही चटई पुढे आली. मोजणी झाली, पुढची पायरी आहे ती मोजणाऱ्या ठिकाणांनी एकमेकांशी बोलण्याची. गाडगे महाराज पुलाजवळ दाटी वाढली, की पंचवटी कारंजा आणि मालेगाव स्टँडकडील प्रवाह तिथल्या तिथे मंद झाला पाहिजे. वर निरोप जाऊन खाली आदेश येईपर्यंत अरुंद गल्लीत फार उशीर झालेला असतो.

धोका कोणता?

वाट चुकलेल्या लष्करी मुंग्या एकमेकींच्या मागे गोल फिरत राहतात आणि थकून मरतात. नियम चुकला, तर यंत्रणाही तशीच फसते : एक चौक आपली गर्दी दुसऱ्यावर ढकलतो, दुसरा तिसऱ्यावर. म्हणून नियम आधी संगणकावर आणि मग लहान पर्वण्यांच्या गर्दीत तपासले पाहिजेत. चौकातील पोलिसाला यंत्रणेचा निर्णय तत्काळ फिरवण्याचा अधिकार हवा.

नियंत्रण कक्ष मोडीत काढायचा नाही. त्याने संपूर्ण शहरावर नजर ठेवावी. प्रवाह थोपवण्याचा पहिला निर्णय मात्र गर्दीच्या सर्वांत जवळ व्हावा. भाविकाचा जीव वाचतो तो तिथेच.