रक्त आमचं, तारीख त्यांची

दोस्तहो, आधी कबुली. मीही 'ब्लेड'ची वाट बघणाऱ्यांतलाच एक.

ब्लेड म्हणजे रक्तपिपासूंना कापत सुटलेला काळा माणूस. १९७२ ला मुंबईत आपल्या पोरांनी अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं नि दलित पँथर उभी केली. पुढच्याच वर्षी, १९७३ ला, तिकडं मार्व्हलच्या ड्रॅक्युलाच्या कॉमिकात हा ब्लेड आला. बाळंतपणातच त्याच्या आईचा जीव डॉक्टरचं सोंग घेतलेल्या रक्तपिपासूनं घेतलेला. म्हणजे जन्मापासून हिशेब बाकी. असला माणूस आपल्याला परका कसा वाटेल? १९९८ ला वेस्ली स्नाइप्सनं तो पडद्यावर उभा केला आणि आम्ही त्याचे झालो.

मग जुलै २०१९. सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉनमध्ये मार्व्हलनं जाहीर केलं, नवा ब्लेड महेरशाला अली. अलीनं डोक्यावर ब्लेडची टोपी चढवली, तिकडं सभागृह दणाणलं, इकडं आम्ही नाचलो. तेव्हापासून आमचा एकच धंदा. अंदाज! ड्रॅक्युला असणार का? मिया गॉथ कोण होणार? रात्र रात्र वाद. आणि कंपनी? आधी २०२३, मग २०२४, मग २०२५. दोन दिग्दर्शक गेले. एका मसुद्यात खुद्द ब्लेडच चौथ्या नंबरवर ढकलला होता, असंही छापून आलं. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये सिनेमा वेळापत्रकातूनच उडवला. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आपल्या बापाला ही तारखांची भाषा नवी नाही.

मार्क्सनं १८६७ ला 'कॅपिटल'मध्ये भांडवलाला रक्तपिपासू म्हटलं, ते उगाच नाही. आमच्या जागरणांतून त्यांची फुकट जाहिरात होते, हेही रक्तच की. आणि ब्लेड आहे कुणाचा? काळ्यांचा नाही. ज्या मार्व वुल्फमननं तो लिहिला त्याचाही नाही. तो हक्क मागायला कोर्टात गेला नि २००० साली हरला.

आम्ही असे ताटकळत बसलो असताना रायन कूगलर गप्प बसला नाही. एप्रिल २०२५ मध्ये त्यानं 'सिनर्स' आणला. १९३२ चं मिसिसिपी, कापसाची शेतं, काळ्यांचा ब्लूज. आणि दाराबाहेर आत घ्या म्हणून विनवणारे रक्तपिपासू. त्यांना नुसतं रक्त नको, गाणंही हवंय! ब्लेडसाठी जमवलेले जुन्या काळाचे कपडेसुद्धा याच सिनेमात वापरले गेले. पण खरी गोष्ट करारात आहे. २५ वर्षांनी सिनेमाची मालकी कूगलरकडे येणार.

कुणी म्हणेल, करमणुकीत कसली मालकी काढतोस? बाबांनो, शेत गेलं तेव्हाही असंच कुणीतरी समजावलं होतं.

ब्लेड आला तर पहिल्या दिवशी मी रांगेत असेन. पण आता वाट बघणं बस्स. वह्या काढा. गावकुसाबाहेरची रात्र आपण पाहिलीय, रक्त पिणारेही पाहिलेत. ते लिहायला कुणाच्या तारखेची गरज नाही. फक्त सही करताना कागद नीट वाचा. मालक कोण लिहिलाय ते बघा.